घरचे हॉट चॉकलेट आणि त्यात उतरवायचे स्वाद

खानदेशाचे नाव निघाले की बोलणे उन्हाळ्यावर जाते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु इथला हिवाळा ज्याने काढला आहे त्याला इथली थंडीही तितकीच ठाऊक असते. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पारा १० अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या येतात, रावेर-यावलकडच्या केळीबागांवर चरका पडतो आणि शेतात भरताची वांगी भाजण्यासाठी पेटवलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ विझल्यावरही माणसे निखाऱ्यांभोवतीच बसून राहतात. अशा रात्री जेवणानंतर तास-दीड तासाने काहीतरी गरम आणि गोड प्यावेसे वाटते. चहाने झोप उडते आणि हळद-दूध रोज नकोसे होते. आमच्या घरी ही जागा गेल्या काही हिवाळ्यांपासून हॉट चॉकलेटने घेतली आहे. ते मुळापासून कसे करावे आणि त्यात निरनिराळे स्वाद कसे आणावेत, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

बाजारात ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ म्हणून जी तयार पूड मिळते, तिच्या डब्यावरील घटकांची यादी एकदा वाचून पाहावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात आणि बहुतेक डब्यांवर पहिले नाव साखरेचे असते. अशा पुडीत दालचिनी घातली काय किंवा वेलची घातली काय, सगळ्यावर गोडीच चढून बसते. म्हणून स्वादाचे हॉट चॉकलेट करायचे असेल तर बिनसाखरेचा कोको आणि खरे गडद चॉकलेट घेऊनच करावे. त्यात अवघड असे काही नाही, पण एक गोष्ट मात्र मनात पक्की असावी लागते. प्रत्येक स्वाद कशात तरी उतरतो. काही पाण्यात उतरतात, काही दुधातल्या स्निग्धात उतरतात आणि काही इतके नाजूक असतात की विस्तव बंद केल्याशिवाय त्यांना भांड्याजवळ आणू नये. ज्याची जागा चुकली तो एकतर जाणवत नाही किंवा दूध नासवतो.

साहित्य आणि त्याची पारख

दोन मोठ्या कपांसाठी पुढील प्रमाण आमच्याकडे कायम झाले आहे. म्हशीचे तापवलेले दूध ३०० मिली, पाणी १०० मिली, बिनसाखरेचा कोको २ सपाट मोठे चमचे म्हणजे सुमारे १२ ग्रॅम, साखर २ मोठे चमचे म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, बारीक चिरलेले गडद चॉकलेट ४० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ.

दुधात पाणी घालण्याची सूचना वाचून काहींना कसेसेच वाटेल, विशेषतः जिथे गोठ्यातले घट्ट दूध अभिमानाने घरी येते तिथे. परंतु म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो आणि गाईच्या दुधात ३.५ ते ४ टक्के. निव्वळ म्हशीच्या दुधात हे पेय केले तर जिभेवर स्निग्धाचा थर बसतो, त्याखाली चॉकलेटचा कडवटपणा आणि मसाल्याची धार दोन्ही दबतात आणि शेवटी चॉकलेटची बासुंदी पिल्यासारखे वाटते. गाईचे दूध असेल तर ३४० मिली दूध आणि ६० मिली पाणी घ्यावे; तेवढे पाणी कोको भिजवण्यासाठी लागतेच. दूध तापवून गार झालेले असेल तर त्यावरची साय आधीच काढून घ्यावी. ती तशीच राहिली तर पेयात तिचे धागे होतात आणि ते कितीही घुसळले तरी पूर्ण मोडत नाहीत.

कोको दोन प्रकारचा मिळतो आणि दोहोंची चव वेगळी असते. नैसर्गिक कोको फिकट तपकिरी आणि किंचित आंबूस असतो. दुसऱ्या प्रकारात अल्कलीची प्रक्रिया करून आंबटपणा घालवलेला असतो; तो अधिक गडद, सौम्य आणि पाण्यात लवकर मिसळणारा असतो. ही प्रक्रिया एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्समध्ये व्हॅन हौटेन यांच्या कारखान्यातून पुढे आली. त्याच व्हॅन हौटेन घराण्याच्या नावे १८२८ साली कोकोतील स्निग्ध दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट आहे. स्निग्ध निघाल्यावर उरलेली ढेप दळता येऊ लागली आणि त्यातूनच आजची कोको पूड आली. आपल्याकडच्या डब्यावर ‘आम्लता नियामक’ असे लिहून पुढे ५०० किंवा ५०१ हा क्रमांक दिलेला असला, तर तो अल्कलीचा कोको समजावा. हॉट चॉकलेटसाठी मी हाच घेतो. केळी किंवा शेंगदाणा यांसारख्या जड स्वादांसाठी मात्र नैसर्गिक कोकोची आंबूस धार अधिक शोभते.

चॉकलेट घेताना याहून अधिक सावध राहावे. केकसाठी म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या ‘कम्पाउंड’च्या लाद्यांमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पती तेलाचे घट्ट केलेले स्निग्ध असते. खरे कोको बटर ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडातल्या उष्णतेनेच, वितळते. कम्पाउंडमधले स्निग्ध बहुधा तसे सहज वितळत नाही आणि पेय थोडे गार होताच टाळूला मेणासारखे चिकटू लागते. घटकांत ‘कोको बटर’ हे शब्द आहेत आणि वनस्पती तेलाचा उल्लेख नाही, एवढे पाहून घेतले तरी पुरेसे आहे. ५० ते ५५ टक्के कोकोचे चॉकलेट तालुक्याच्या गावातही आता मिळते आणि या कामाला ते उत्तम आहे. ७० टक्क्यांचे घेतल्यास साखर अर्धा चमचा वाढवावी.

मूळ कृती

जाड बुडाचे लहान पातेले घ्यावे. ते विस्तवावर न ठेवता त्यात कोको, साखर आणि मीठ कोरडेच एकत्र करून चमच्याच्या पाठीने चांगले रगडावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग गुठळ्यांची तक्रार करतात. कोकोची पूड अतिशय बारीक असते व तिच्यात थोडे स्निग्ध शिल्लक असते, त्यामुळे पाणी तिला लगेच भिजवू शकत नाही. बाहेरून ओली आणि आतून कोरडी अशी गोळी तयार होते आणि ती दुधावर तरंगत राहते. साखरेचे दाणे मध्ये आले की कोकोचे कण एकमेकांपासून सुटे होतात आणि पाण्याला आत शिरायला वाट मिळते.

आता त्यात २ मोठे चमचे कढत पाणी घालून ढवळावे. प्रथम मिश्रण रुसल्यासारखे बाजूला सरते, मग हळूहळू भिजवलेल्या मेंदीसारखा घट्ट, गडद लगदा होतो. लगदा पूर्ण एकजीव झाल्याशिवाय पुढचे पाणी घालू नये. त्यानंतर उरलेले पाणी घालून ते सैल करावे आणि पातेले मंद आचेवर ठेवावे. येथे डोळे आणि नाक दोन्ही पातेल्यावर असू द्यावेत. साधारण मिनिटभराने कडेला बुडबुडे येतात; ते फुटताना जाडसर, सुस्त असतात. पृष्ठभागावर आतापर्यंत जो धुळकट मंदपणा होता तो जातो आणि तेल लावल्यासारखी चकाकी येते. त्याच वेळी वासही बदलतो. डबा उघडल्यावर येणारा कोरडा, मातकट वास जाऊन चॉकलेटचा ओला, भरलेला वास येऊ लागतो. हा बदल झाला की कोको उमलला असे समजावे. त्याच्या आधी दूध ओतले तर पेयाला कच्ची चव राहते आणि तळाशी गाळ बसतो.

यानंतर कोमट केलेले दूध बारीक धारेने सोडावे आणि ढवळत राहावे. आच मध्यम ठेवावी. दुधातून वाफ निघू लागली आणि कडेने मोहरीएवढे बुडबुडे दिसू लागले की दूध सुमारे ८० अंशांपर्यंत आले, तेवढेच पुरे. खळखळून उकळू देऊ नये, कारण उकळीबरोबर स्वादाचे सुगंधी अंश वाफेतून निघून जातात आणि पुन्हा साय धरते. दुधापाशी उभे राहण्याची शिस्त आमच्या आईने लहानपणीच लावली. ‘दुधाला पाठ दाखवू नको रे,’ असे ती म्हणे, आणि हे पेय करताना मी आजही चुलीसमोरून हलत नाही.

विस्तव बंद करून चिरलेले चॉकलेट त्यात टाकावे, एक मिनिट तसेच राहू द्यावे आणि मग ढवळावे. चॉकलेट आचेवर असताना घातले तर त्याचे कण तळाशी बसून करपतात. चॉकलेट वेगळे वितळवून दुधात घालण्याच्या फंदात पडू नये. वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचा नुसता थेंब लागला तरी ते आकसून दाणेदार गोळा होते. तसे कधी झालेच तर ते फेकून देऊ नये. थेंबाने बिघडलेले चॉकलेट भरपूर गरम दूध मिळाले की पुन्हा सुटते. चमचा-चमचा गरम दूध घालत ढवळत गेल्यास ते मऊ होते.

अधिक दाट हवे असेल तर १ लहान चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार दुधात कालवून, चॉकलेट घालण्याआधी पातेल्यात सोडावे आणि दोन मिनिटे हलके शिजू द्यावे. ते शिजले नाही तर पिठूळ चव लागते. चमच्याच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ मिटत नसेल तर दाटपणा पुरेसा झाला. माझे स्वतःचे मत असे आहे की म्हशीच्या दुधाला याची गरज पडत नाही.

दुधात मुरणारे स्वाद

दालचिनी, वेलची, लवंग, संत्र्याची साल आणि सुकी मिरची यांचा सुगंध किंवा तिखटपणा मुख्यतः स्निग्धात विरघळतो. म्हणून ते कोकोच्या पाण्यात न टाकता दुधात मुरवावेत. दूध वेगळ्या भांड्यात वाफ निघेपर्यंत तापवावे, विस्तव बंद करून त्यात मसाला टाकावा, झाकण ठेवावे आणि ८ ते १० मिनिटांनी गाळून तेच दूध उमललेल्या कोकोत ओतावे. पूड करून टाकण्यापेक्षा अख्खा मसाला मुरवणे चांगले, कारण पूड कपाच्या तळाशी जमते आणि शेवटचा घोट खरखरीत लागतो. दोन कपांना दालचिनीचा बोटाच्या एका पेराएवढा तुकडा पुरतो. वेलच्या तीन घ्याव्यात आणि त्या आयत्या वेळी सालासकट खलबत्त्यात ठेचाव्यात. लवंग एकच, दुसरी टाकली की दातांच्या औषधाची आठवण होते.

संत्र्याच्या सालीचा फक्त वरचा केशरी भाग सोलण्याने अलगद काढावा. खालचा पांढरा भाग आला तर कडूपणा येतो आणि तो चॉकलेटच्या कडूपणापेक्षा वेगळा, जिभेवर रेंगाळणारा असतो. संत्र्याचा रस कधीही घालू नये, दूध नासते. सालीवर चकाकी आणण्यासाठी मेण लावलेले असू शकते, म्हणून फळ आधी कोमट पाण्याने चोळून धुवावे.

मिरचीविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे. हिवाळ्यात नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते, तेव्हा त्या रस्त्याने जाणाऱ्याच्या नाकातोंडात तिचा खकाणा जातो आणि अशी वस्तू गोड दुधात घालायची ही कल्पना पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. प्रत्यक्षात ही जोडी हॉट चॉकलेटपेक्षाही जुनी आहे. कोको आणि मिरची ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातली झाडे. मेक्सिकोतील अ‍ॅझ्टेक लोक कोकोच्या पेयात मिरची आणि व्हॅनिला घालत, आणि आपल्याकडे मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत आली. म्हणजे नंदुरबारची मिरची चॉकलेटच्या कपात टाकणे म्हणजे जुन्या शेजाऱ्यांना पुन्हा एका घरात आणणे आहे.

कृती अशी. कमी तिखट, जाड सालीची, गडद लाल रंगाची अर्धी सुकी मिरची घ्यावी. देठ, बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा काढाव्यात. तिखटपणा बियांत असतो असा समज आहे, पण तो मुख्यतः त्या पांढऱ्या शिरांत असतो आणि बियांना त्यांच्या स्पर्शानेच लागतो. मिरची कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मोजून दहा-दहा सेकंद शेकावी. तिचा रंग काळपट झाला तर ती टाकून दुसरी घ्यावी. मग ती गरम दुधात ५ मिनिटे बुडवून चव पाहावी. चव घेतल्यावर लगेच निर्णय करू नये, अर्धा मिनिट थांबावे. या पेयात मिरची जिभेच्या शेंड्यावर लागत नाही, घोट गिळून झाल्यावर घशात हळूच ऊब येते. दुधातले केसीन हे प्रथिन तिखटपणा धरून ठेवते, त्यामुळे तो झोंबत नाही. ऊब जाणवली की मिरची काढून टाकावी. सोबत दालचिनीचा तुकडा असावा, म्हणजे मिरची एकटी पडत नाही.

पाण्यात उतरणारे स्वाद

आले, गवती चहा आणि कॉफी यांचे काम कोको भिजवण्याच्या पाण्यातच उरकून घ्यावे. ओल्या आल्यात प्रथिने तोडणारा घटक असतो आणि ते कच्चेच दुधात टाकले तर दूध फाटू शकते. पाण्यात चार-पाच मिनिटे उकळले की तो घटक निकामी होतो. थोडे ठेचलेले आले १५० मिली पाण्यात उकळून, आटवून, गाळून जे पाणी उरेल त्याने कोको भिजवावा. सुंठ असेल तर पाव चमचा पूड कोरड्या कोकोतच रगडावी. कॉफीची अर्धा लहान चमचा पूड त्या पाण्यात विरघळवली तर कॉफीची चव येत नाही, परंतु चॉकलेट अधिक गडद भासते. मोठ्यांच्या कपात हे मी नेहमी करतो, मुलांच्या कपात करत नाही.

गुळाचे मात्र निराळे आहे. पहिल्या वर्षी साखरेऐवजी गूळ वापरावा असे मनात आले आणि मी तो सरळ कोकोच्या पाण्यात विरघळवून वर दूध ओतले. दूध तापत आले तसे पेयात बारीक दाणे दिसू लागले. कोको नीट मिसळला नसावा असे समजून मी जोराने ढवळत राहिलो आणि दाणे वाढतच गेले. एक दाणा बोटांत चिरडून पाहिला तेव्हा तो पांढरा निघाला. दूध फाटले होते. गुळातील आम्लतेमुळे तापत्या दुधाचे असे होते, आणि नैसर्गिक कोकोचा आंबूसपणा सोबतीला असला तर ते लवकर होते. तेव्हापासून गूळ नेहमी शेवटी घालतो. ३० ग्रॅम चिरलेला गूळ ३ मोठे चमचे पाण्यात विरघळवून गाळून ठेवावा आणि कोमट होऊ द्यावा. तेवढे पाणी मूळ प्रमाणातून कमी करावे. कोको बिनसाखरेचाच भिजवावा; तो रगडताना अधिक वेळ लागतो एवढेच. दूध आणि चॉकलेट एकजीव होऊन विस्तव बंद झाल्यावर दोन-तीन मिनिटांनी गुळाचे पाणी धार धरून सोडावे व लगेच प्यायला द्यावे. पुन्हा तापवू नये. गूळ, सुंठ आणि गडद चॉकलेट ही चव ज्यांना लाडवांची सवय आहे त्यांना पहिल्या घोटात ओळखीची वाटते.

केळी आणि शेंगदाणा

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या जिल्ह्यात केळी घडांनी घरी येते आणि शेवटची चार-सहा फळे काळी पडत जातात, तिथे त्या फळांचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. साल पुरेपूर ठिपक्यांची झालेले, पण आतून पाणी न सुटलेले एक मध्यम केळे घ्यावे. त्याच्या चकत्या अर्धा चमचा साजूक तुपात मध्यम आचेवर टाकून न ढवळता एका बाजूने तांबूस होऊ द्याव्यात. केळ्यातली साखर तव्याला लागते आणि तिचा खरपूस वास सुटतो. हा खरपूसपणा नसेल तर पेयाला नुसत्या शिकरणाची चव येते. नंतर कोको भिजवण्याचे पाणी त्यावर ओतून तव्याला लागलेले सगळे खरडून घ्यावे, केळे चमच्याने ठेचावे आणि मोठ्या छिद्रांच्या गाळणीतून दाबून गाळावे. ह्या दाट पाण्यात कोको भिजवून पुढची कृती नेहमीप्रमाणे करावी. साखर निम्मी पुरते आणि चॉकलेटही २५ ते ३० ग्रॅम पुरे होते. चिमूटभर जायफळ यात असायलाच हवे, आणि ते विस्तव बंद केल्यावर किसावे.

शेंगदाण्याचे हॉट चॉकलेट आमच्या घरात सर्वांत जास्त मागितले जाते. खानदेशातल्या भाज्यांच्या रश्श्यापासून चटण्यांपर्यंत शेंगदाणा सगळीकडे आहे, त्यामुळे भाजलेल्या दाण्यांचा डबा घरात भरलेला असतोच. शेंगदाणाही मूळचा दक्षिण अमेरिकेतला, म्हणजे मिरचीप्रमाणेच कोकोच्या बाजूचा. ३ मोठे चमचे दाणे मंद आचेवर आतपर्यंत खमंग भाजावेत, गार करून साल पाखडावी आणि मिक्सरमध्ये फिरवावेत. प्रथम कूट होतो, मग तो भांड्याच्या कडेला बसतो. तो खाली ढकलत, मध्ये थांबत, तेल सुटून ओघळणारा लगदा होईपर्यंत फिरवत राहावे. कूट असतानाच थांबलात तर कपाच्या तळाशी चोथा बसेल. हा लगदा कोकोच्या लगद्यात कालवून मग पाणी आणि दूध घालावे. यात चॉकलेट २५ ग्रॅमच घ्यावे, कारण दाण्यांचे तेल आहेच, आणि मीठ नेहमीच्या दुप्पट घालावे. पाहुण्यांना देण्यापूर्वी मात्र कोणाला दाणे सोसत नाहीत का, हे आधी विचारून घ्यावे, कारण चॉकलेटच्या रंगात ते दिसत नाहीत.

विस्तव बंद झाल्यावरचे स्वाद

व्हॅनिलाचा अर्क, गुलाबपाणी आणि किसलेले जायफळ यांच्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ते सर्वांत शेवटी आणि कमी घालावेत. व्हॅनिलाचा अर्धा लहान चमचा, गुलाबपाण्याचा एक लहान चमचा. गुलाबपाणी खाण्याच्या प्रतीचे असावे. पुदिना वापरायचा असेल तर आठ-दहा पाने हाताने चुरगाळून तापलेल्या दुधात तीनच मिनिटे ठेवावीत. जास्त वेळ राहिली तर गवताचा वास येतो.

फेस

कपात ओतण्यापूर्वी हे पेय घुसळावे आणि त्यासाठी ताकाची लाकडी रवी हे सर्वांत योग्य साधन आहे. मेक्सिकोत चॉकलेट घुसळण्यासाठी ‘मोलिनियो’ नावाची लाकडी रवी वापरतात आणि ती आपल्यासारखीच दोन तळव्यांमध्ये धरून फिरवतात. त्याच्याही आधी माया लोक हे पेय उंच धरलेल्या भांड्यातून खालच्या भांड्यात ओतून फेस आणत. त्यांच्या रंगवलेल्या भांड्यांवर असे ओतणाऱ्या स्त्रीचे चित्र आहे. आपल्याकडे चहावाला एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात चहा उंचावरून ओढतो, तीच रीत. रवीला ताकाचा किंचितही आंबट वास असेल तर तिच्यामुळे दूध बिघडू शकते, म्हणून या कामासाठी एक छोटी रवी वेगळी ठेवावी. ती पातेल्याच्या तळाला न टेकवता पृष्ठभागापासून दोन बोटे खाली धरून मिनिटभर फिरवावी. उंच, अरुंद पातेले असेल तर शिंतोडे उडत नाहीत.

कप आधी कढत पाण्याने विसळून ठेवावेत. थंडीच्या रात्री गार चिनीमातीचा कप पेयाची उष्णता लगेच ओढून घेतो आणि वर सायीचे कातडे धरते.

घरची कोरडी पूड

रोज एवढे सगळे करणे शक्य नसते, विशेषतः मुले परीक्षेच्या दिवसांत रात्री जागत असतात तेव्हा. त्यासाठी कोरडी पूड करून ठेवावी. कोको १०० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, दुधाची पूड १०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम आणि पाव लहान चमचा मीठ एकत्र करून दोनदा चाळावे. हवे असल्यास त्यात १ लहान चमचा सुंठपूड किंवा वस्त्रगाळ दालचिनीपूड घालावी. ओलसर काहीही घालू नये. कोरड्या काचेच्या बरणीत ही पूड दोन महिने चांगली राहते. एका कपाला ३ मोठे चमचे पूड घेऊन तीही आधी दोन चमचे कढत पाण्यात कालवावी आणि मगच दूध घालून दोन मिनिटे मंद आचेवर शिजवावी. उन्हाळा लागला की उरलेली बरणी फ्रिजमध्ये ठेवावी, कारण मार्चनंतर आपल्याकडच्या स्वयंपाकघरात दुधाच्या पुडीला लवकर खवट वास धरतो.

पातेल्याला लागलेले पेय मांजराला किंवा कुत्र्याला चाटायला देऊ नये. कोकोतील थिओब्रोमिन हा घटक माणसाला बाधत नाही, पण कुत्र्याच्या शरीरात तो लवकर पचत नाही आणि विषासारखा काम करतो. अंगणात कुत्रे असलेल्या घरांनी भांडे लगेच विसळून टाकावे.

पेय उरलेच तर गार झाल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशीच संपवावे. ते रात्रीतून खिरीसारखे आळते. तापवताना आधी दोन-तीन चमचे दूध घालून चमच्याने सैल करावे, मंद आचेवर नुसते वाफेपर्यंत आणावे आणि पुन्हा एकदा रवी फिरवावी. शेंगदाण्याचे असेल तर आमच्याकडे ते तापवतच नाहीत. मुले सकाळी तसेच गार, वाटीत घेऊन चमच्याने खातात.